कन्नमवार नगरातला ओटा : स्टँडिंग मशीन बसवण्याच्या प्रकल्प नोंदी

११ जून २०२४, विक्रोळी पूर्व

आज आधी घर मोजलं. काकूंच्या अंगाची मापं शुक्रवारी. हा क्रम मी मुद्दाम ठेवते, कारण माणसाला उभं करणारं मशीन अंगाला चपखल बसलं आणि स्वयंपाकघराच्या दारात अडलं तर ते कपडे वाळत घालायला वापरलं जातं. अशी मशीन मी पाहिली आहेत.

काकू तळमजल्यावर राहतात, वय ५२. पाच वर्षांपूर्वी द्रुतगती मार्गावर त्यांच्या स्कूटरला मागून धडक बसली. मज्जारज्जूला टी-१० पातळीवर, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर, पूर्ण इजा. बेंबीपासून खाली संवेदना नाही, हालचाल नाही. खांदे, हात, श्वास उत्तम. अपघाताआधी घरातूनच पोळीभाजीचे डबे द्यायच्या. आता डबे सून बघते. काकू व्हीलचेअरवर बसून कणीक मळतात, भाज्या चिरतात, हिशोब ठेवतात.

मशीन देणगीतून आलेलं आहे, परदेशी बनावटीचं. आधीचा वापरकर्ता बराच उंच आणि वजनदार होता. याच्यात माणूस मागच्या बाजूने येतो. मशीन पलंगाला पाठ करून लावायचं, पाय फळीवर ठेवायचे, नितंबांखालून पट्टा घ्यायचा आणि गॅस स्प्रिंगच्या (दाबलेल्या वायूवर चालणाऱ्या स्प्रिंगच्या) मदतीने स्वतःला वर ओढायचं. उभं राहिलं की जॉयस्टिकने फिरायचं. तुर्कस्तानात तयार झालेल्या टेक या मशीनमुळे २०१२ मध्ये ही पद्धत जगभर माहीत झाली. आमचं त्याच जातकुळीचं. आयआयटी मद्रासच्या ‘अराइज’ व्हीलचेअरचा विचार आधी केला होता. २०१९ मध्ये आलेली ती खुर्ची बसलेल्या माणसाला स्वतःच्या बळावर उभं करते आणि परवडतेही. पण काकूंना उभ्या उभ्या जागा बदलायची आहे, परातीपासून तव्यापर्यंत आणि तव्यापासून डब्यांपर्यंत.

घराची मापं : स्वयंपाकघराचं दार ७१ सेंमी. दारात संगमरवरी उंबरठा, अडीच सेंमी. ओट्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत १०५ सेंमी. ओट्याची उंची ग्रॅनाइट धरून ८४, रुंदी ६०. ओट्याखाली ट्रॉल्या, शेगडीच्या बरोबर खाली सिलिंडर. शेगडीवर तवा ठेवला की त्याची पातळी ९७.

निघताना काकांनी दारापर्यंत येऊन विचारलं, “म्हणजे यानंतर चालायला लागेल ना ही?” मी थांबून नीट सांगितलं की नाही, मशीन इजा बरी करत नाही. उभं राहिल्याने शौचाला, पायांच्या ताठरपणाला, पोटाला बरं वाटतं असा अनेकांचा अनुभव आहे; विरळ झालेलं हाड परत भरून येतं, असं मात्र मी कुणाला सांगत नाही, त्याचे पुरावे तितके भक्कम नाहीत. आतून काकूंचा आवाज आला, “मला चालायचं नाहीये हो. मला पोळ्या करायच्यात.”

प्रकल्पाचं उद्दिष्ट वहीत मी त्यांच्याच शब्दांत लिहिलं.

१४ जून

अंगाची मापं, अंथरुणावर निजवून. फिजिओताई सोबत होत्या.

उंची १५२ सेंमी, वजन ६१ किलो. टाच ते गुडघा ४३. टाच ते बेंबी ९१. टाच ते कोपर ९५. बसल्यावर नितंबांची रुंदी ३९.

सांध्यांकडे जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा. पाच वर्षं बसून काढलेल्या शरीराचे सांधे बसलेल्या आकाराचे होतात. उजवा गुडघा पूर्ण सरळ होत नाही, ८ अंश कमी पडतात. दोन्ही खुबे साधारण १० अंश वाकलेले राहतात. उजवी टाच खाली टेकत नाही, पाऊल ५ अंश चवड्याकडे झुकलेलं. फळी सपाट असेल तर त्या पायाचा सगळा भार चवड्यावर येणार आणि काकूंना ते कळणारही नाही. म्हणजे टाचेखाली पाचर हवी. पाऊल २२ सेंमी लांब, तेव्हा पाचरेची मागची उंची सुमारे २ सेंमी.

ताठरपणा मांड्यांमध्ये आहे पण सौम्य, अॅशवर्थ मापनपट्टीवर १. पाऊल झटकन वर दाबलं की थरथर सुटते आणि काही सेकंदांत थांबते. भरलेल्या मूत्राशयाने ती वाढते, हे काकूंनीच सांगितलं. त्या दिवसातून ठरावीक वेळी नळी घालून मूत्राशय रिकामं करतात. ठरलं : उभं राहण्याआधी ते काम झालेलं असलं पाहिजे.

टी-६ किंवा त्यावरच्या इजेत रक्तदाब अचानक भयंकर चढण्याचा जो धोका असतो, तो काकूंना फारसा नाही. रक्तदाब उतरण्याचा मात्र आहे.

२० जून

हाडं. या कामातली मला सगळ्यांत जास्त धास्ती वाटते ती इथे.

मज्जारज्जूच्या इजेनंतर पायांची हाडं झपाट्याने विरळ होतात, आणि सर्वांत जास्त गुडघ्याच्या आसपास : मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक. हाडांची घनता मोजणारी नेहमीची डेक्सा तपासणी खुबा आणि कंबर बघते. कंबरेचा आकडा अनेकदा बरा दिसतो आणि घरचे निर्धास्त होतात. आपलं मशीन तर नेमकं गुडघ्याखाली पॅड लावून माणसाला धरून ठेवतं. म्हणून डॉक्टरांना मी फक्त “उभं करू का?” असं विचारलं नाही, पॅड कुठे दाबणार, किती रुंद जागेवर दाबणार, उठताना कुठल्या दिशेने जोर येणार, याचं चित्र काढून नेलं. त्यांनी गुडघ्यांचे एक्स-रे वेगळे काढायला लावले, ते बघून लेखी परवानगी दिली. अटी दोन. उठण्याची गती मंद हवी. आणि पाय फळीवर अडकलेला असताना धड वळवायचं नाही, कारण विरळ हाड पिळाने मोडतं.

दुसरी अट मी ओट्याच्या आराखड्यावर लाल शाईने लिहिली. पुढे ती महत्त्वाची ठरणार.

२७ जून, साकीनाका

मशीन वर्कशॉपमध्ये. उंच माणसासाठी लावलेली गुडघ्याची पॅड काकूंच्या मापाने थेट गुडघ्याच्या वाटीवर येतात. वाटीवर दाब चालणार नाही, तो तिच्या खाली, नडगीच्या वरच्या भागावर पसरायला हवा. खाच संपेपर्यंत पॅड खाली आणलं तरी ५ सेंमी कमी पडतात. साकीनाक्याच्या फॅब्रिकेटरकडून स्टेनलेसच्या जाड पट्टीचे दोन जोड बनवून घेतले. मूळ सांगाड्याला एकही भोक पाडलेलं नाही, वेल्डिंग नाही. जे लावलंय ते सगळं बोल्टने काढता येतं. दुसऱ्या कुणाला मशीन द्यायचं झालं तर ते जसं आलं तसं जाईल.

गॅस स्प्रिंगचा जोर जुन्या वजनासाठी होता. तसाच ठेवला असता तर ६१ किलोच्या माणसाला त्याने वर फेकलंच असतं. वरचा टेकू दोन भोकं आत घेतला आणि वाळूची पोती बांधून उठण्याचा वेग पाहिला.

पाचरेसाठी ठक्कर बाप्पा कॉलनीत गेले. तिथले कारागीर चपलेचे तळ रोज कापतात, त्यांना “मागे दोन, पुढे शून्य, कडक ईव्हीए” (ईव्हीए म्हणजे चपलेच्या तळाचा फोम) एवढं सांगितलं की पुरतं. मी काकूंच्या पायाचा कागदावर काढलेला ठसा नेला होता. कारागिराने न विचारता टाचेच्या कडा गोल करून दिल्या. बरोबर केलं त्याने, टोकदार कड कातडीला लागली असती.

८ जुलै

पाऊस. रात्री १ ते सकाळी ७ या वेळात शहराच्या काही भागांत ३०० मिमीहून जास्त झाला. लोकल बंद. आजची भेट रद्द; काकूंचाच सकाळी फोन आला, “निघू नकोस गं, इथे रस्त्यावर पाणी आहे.”

घरी बसून वळण्याचा हिशोब केला. मशीन ४४ सेंमी रुंद, ७८ लांब, म्हणजे कर्ण साधारण ९० सेंमी. चालकचाकं मध्यावर असल्याने ते जागच्या जागी फिरतं. स्वयंपाकघरात १०५ मिळतात. दोन्हीकडे सातेक सेंमी उरतात, पण काकूंची कोपरं मशीनच्या बाहेर येतात. फ्रिजच्या हँडलशी ती आपटणार. फ्रिज बाहेरच्या खोलीत जायला हवा.

११ जुलै

काकू पहिल्यांदा मशीनवर उभ्या राहिल्या.

निजून रक्तदाब ११८/७६. पोटाला पट्टा, पायांत घट्ट मोजे. अर्ध्या उंचीवर थांबून श्वास, मग पूर्ण. तिसऱ्या मिनिटाला ९४/६२. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला तर त्याला उभं राहिल्यावर रक्तदाब उतरणं म्हणतात. इथे वरचा २४ उतरला. काकूंना जांभया यायला लागल्या, ओठ फिकट झाले. फिजिओताईंनी लगेच बसवलं. पाच मिनिटांत ठीक.

काकू नाराज. “मी ठीक होते.” त्या खरंच तसं म्हणत असतील, पण जांभया हीच पहिली सूचना असते आणि ती ज्याची त्याला कळत नाही. आम्ही पायऱ्या ठरवल्या : रोज फिजिओताईंच्या केंद्रातल्या टिल्ट टेबलावर (निजलेल्या माणसाला हळूहळू उभं तिरपं करणाऱ्या टेबलावर) थोडा वेळ, कोन हळूहळू वाढवत. मशीन तोवर पलंगाशेजारी उभं राहील. नुसतं.

१८ जुलै

टेबलावर ७० अंशांत वीस मिनिटं जमतात, रक्तदाब टिकतो. मशीनवर परत.

आज मला वेगळी गोष्ट बघायची होती : उठताना कातडीवर येणारी ओढ. माणसाचा गुडघा एका जागी वळतो, मशीनची बिजागरी दुसऱ्या. त्या दोन जागा जुळल्या नाहीत की उठताना शरीर पॅडवरून आणि पट्ट्यावरून घासत सरकतं. ज्याला संवेदना आहे तो आपोआप सावरून घेतो. काकूंच्या बाबतीत ती ओढ नितंबांच्या कातडीत मुरते आणि त्यातूनच बेडसोअरची सुरुवात होते.

सलवारीवर आणि पॅडवर समोरासमोर खडूने रेघ मारली. बसून उठवलं. रेघा साडेचार सेंमी सरकल्या. पायांची फळी मागे घेतली, रेघा तीनवर आल्या. नितंबांखालचा पट्टा दोन बोटं खाली बांधला, दोन. पॅडचा कोन नडगीच्या उताराशी जुळवला, एक. एकावर थांबलो. शून्य होणार नाही.

कपड्यांचाही प्रश्न आहे. गाऊन पट्ट्यात गोळा होतो, त्याच्या चुण्या म्हणजे बसायच्या जागी दोऱ्या. काकूंनी गल्लीतल्या टेलरकडून मागे शिवण नसलेल्या, सैल सुती सलवारी शिवून घ्यायचं ठरवलं. नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक, पण सैल.

२३ जुलै

बारा मिनिटं उभ्या. रक्तदाब ठीक, चेहरा टवटवीत. खिडकीतून बाहेर बघत होत्या. शेजारच्या बाईंनी हाक मारली तर उभ्यानेच बोलल्या.

उतरल्यावर कातडीची तपासणी. डाव्या गुडघ्याखाली लाल पट्टा. बोटाने दाबला तर पांढरा झाला, हे बरं. पण अर्ध्या तासानंतरही गेला नाही, हे वाईट. आमचा नियम साधा आहे. तीस मिनिटांत लाली गेली नाही तर ती पूर्ण जाईपर्यंत उभं राहणं बंद, आणि कारण सापडल्याशिवाय पुन्हा सुरू नाही.

कारण तिथेच सापडलं. पॅडच्या खोळीची शिवण नेमकी त्या रेघेत. खोळ उसवून शिवण मागच्या बाजूला घेतली. आत खाली कडक, वर मऊ असा दोन थरांचा फोम घातला. नुसता मऊ फोम घालायचा मोह होतो, पण तो पूर्ण दबला की आतली पट्टीच हाडाला टेकते.

आता काकूंना आरसा घेऊन स्वतःची कातडी बघायला शिकवणं सुरू केलंय. सून मदत करते. शरीर तक्रार करत नाही तेव्हा तक्रार शोधत जावं लागतं, आणि ते काम रोजचं आहे. माझं दर आठवड्याचं येणं त्याची जागा घेऊ शकत नाही.

३० जुलै

उंबरठ्याला दोन्हीकडून उतार करून घेतला. अडीच सेंमीला एकास बाराच्या हिशोबाने ३० सेंमी. गवंडी म्हणत होता दहा सेंमीत करून देतो. नाही म्हटलं.

त्याआधी वर्कशॉपमध्ये कलंडण्याची चाचणी झाली होती, तिची नोंद इथे करते. मशीन ११० किलो, बॅटऱ्या तळाशी, त्यामुळे काकूंसह गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ५२ सेंमीवर येतो. चाकांमधलं अंतर ४०. हिशोबाने आडवं कलंडायला २१ अंशांचा उतार लागतो. पोती बांधून फळीवर प्रत्यक्ष पाहिलं तर १७ अंशांना चाक उचललं, कारण रबर दबतं आणि भार पट्ट्यात थोडा सरकतो. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य अंगाबरोबर हलतो, म्हणून या १७ मधले फारच थोडे आपण खर्च करायचे. घरात कुठेही तीन अंशांहून जास्त तिरपी जमीन नसावी, हा निकष.

आणि मग ओटा.

उंचीची मला काळजी होती, कारण फळी जमिनीपासून ९ सेंमी वर आहे. पण ती उंची उपयोगीच पडली. काकू जमिनीवर उभ्या असत्या तर कोपर ९५ वर आणि तवा ९७ वर आला असता, म्हणजे खांदा उचलून पोळी उलटायची. आपल्या घरांमधल्या ठेंगण्या बायका वर्षानुवर्षं तेच करतात आणि चाळिशीत मान धरून बसतात. मशीनवर, गुडघ्याचा वाक धरून, कोपर १०२ वर येतं. पोळपाटाची पातळी ८९, म्हणजे कोपरापेक्षा १३ खाली. लाटण्यावर जोर द्यायला ही जागा छान. तवा ५ खाली. काकूंनी रिकाम्या पोळपाटावर लाटणं फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे माझ्या आईच्या घरच्या ओट्यासारखं आहे.”

अडचण अंतराची. मशीनचा पुढचा पाया आणि पॅड ट्रॉल्यांना टेकतात. काकूंचं पोट ओट्याच्या कडेपासून २२ सेंमी लांब राहतं. बर्नरचा मध्य कडेपासून ३३ आत, म्हणजे पोटापासून ५५. हात पूर्ण ताणून, धड पुढे झुकवून, ज्योतीवरून. हे होऊ देणार नाही.

काकांनी सुचवलं की मशीन आडवं लावू, ओट्याला समांतर. अंतर कमी होतं, खरं आहे. पण मग दर पोळीला धड वळवावं लागेल आणि डॉक्टरांची लाल शाईतली अट तिथेच मोडते. काकांना ते चित्र काढून दाखवलं.

ट्रॉल्या काढायच्या. दुसरा मार्ग नाही. सुनेला विचारल्याशिवाय मात्र नाही, स्वयंपाकघर तिचंही आहे.

६ ऑगस्ट

सून दोन दिवस विचार करून हो म्हणाली. तिची अट अशी की ट्रॉल्यांमधल्या डब्यांसाठी समोरच्या भिंतीवर फळ्या हव्यात. योग्य अट. फळ्या अशा उंचीवर लावल्या की दोघींनाही पोचतील, काकू मशीनवरून आणि सून जमिनीवरून. फळ्यांची खोली १५ सेंमीहून जास्त नाही आणि खालची फळी कोपरांच्या वर, नाहीतर वळायची जागा खाल्ली जाईल.

ओट्याखाली ८० सेंमी रुंदीची मोकळी जागा झाली. मशीनचा पाया आत जातो, पॅड दगडाच्या खालून आरामात जातात. पोट कडेपासून ३ सेंमीवर.

सिलिंडर ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेला, उभा, शेगडीपेक्षा खाली, मोकळ्या हवेत. दीड मीटरची नवी आयएसआय सुरक्षा नळी गॅस एजन्सीच्या माणसाकडून बसवून घेतली. हे काम मी स्वतः करत नाही आणि फॅब्रिकेटरलाही करू देत नाही.

आता नवीन धोका दिसतोय. ओट्याची कड ८४ वर. काकूंची बेंबी मशीनवर ९८ च्या आसपास. टी-१० ची संवेदना बेंबीशी संपते. म्हणजे कड जिथे अंगाला लागते ती सगळी जागा बधिर. गरम पाणी सांडलं, तापलेलं उलथनं कडेवर राहिलं, नुसती दगडाची धार घासत राहिली, तरी कळणार नाही.

१४ ऑगस्ट

कडेला लाकडाची गोल पट्टी. पट्टीच्या आत बारीक उंचवटा, सांडलेलं पाणी अंगाकडे न येता मोरीकडे जावं म्हणून. जाड सुती डेनिमचा लांब एप्रन, मांड्यांपर्यंत दुहेरी. रेक्झिन किंवा नायलॉन नको, आगीत ते वितळून कातडीला चिकटतं. गरम पातेलं उचलून नेणं पूर्णपणे वर्ज्य. ते सून करेल. काकूंचं क्षेत्र : परात, पोळपाट, तवा, डबा.

जॉयस्टिक उजवीकडे होती. लाटणंही उजव्याच हातात. पिठाचा हात तिला लागणार आणि कोपराचा धक्काही, म्हणून ती डावीकडे नेली, वर घट्ट रबरी टोपी. लॅमिंग्टन रोडवरून मोठी, उठावदार चालू-बंद कळ आणली, मशीनच्या मूळ सर्किटवरच्या जागी बसणारी. नियम असा : ओट्याशी लागलं की कळ बंद, मगच गॅस पेटवायचा. वीज तुटली की मोटरचे ब्रेक आपोआप आवळतात, मशीन जागचं हलत नाही. आणि उभं ठेवण्याचं काम स्प्रिंग आणि यांत्रिक कुलूप करतं, त्याला वीज लागत नाही. काकूंना हे तोंडी सांगून भागलं नसतं. त्या उभ्या असताना कळ बंद करून काकांना मशीन ढकलायला लावलं. हललं नाही. मग त्यांचा विश्वास बसला.

२१ ऑगस्ट

थंड तव्यावर सराव. गॅस बंद, खऱ्या कणकेच्या पोळ्या, लाटायच्या, तव्यावर टाकायच्या, उलटायच्या, काढायच्या. मी कागदावर हातांच्या वाटा काढत होते. डबा डावीकडे असल्याने प्रत्येक पोळीला हात ज्योतीवरून जात होता. डबा उजवीकडे, पिठाचा डबा डावीकडे. एवढ्याशा बदलाने ज्योतीवरून जाणं थांबलं.

धड पुढे जातं तेव्हा छातीचा आधार लागतो. जुना पट्टा खूप वर, गळ्याशी येत होता. तो बरगड्यांच्या खालच्या भागावर घेतला, श्वास अडकत नाही ना ते पाहिलं.

२४ ऑगस्ट

गॅस पेटवून. सून शेजारी, फिजिओताई मागे, अग्निशमनाचा छोटा सिलिंडर दारात.

पहिली पोळी करपली, काकू म्हणाल्या आच मोठी आहे. दुसरी फुगली. मग त्या आमच्याशी बोलायच्या थांबल्या आणि लाटतच राहिल्या. मी घड्याळ बघत होते, फिजिओताई रक्तदाब. अठराव्या मिनिटाला आम्ही थांबवलं तेव्हा काकूंनी तव्यावरची पोळी पूर्ण भाजून, तूप लावून, डब्यात ठेवली आणि मगच गॅस बंद केला.

कातडी स्वच्छ. दहा मिनिटांत सगळी लाली गेली.

२ सप्टेंबर

मतभेद. शनिवारी, ७ तारखेला गणेश चतुर्थी, आणि काकूंनी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतल्या आहेत. त्यांना दिवसभर उभं राहून काम करायचंय. मी नाही म्हटलं. सध्याची मर्यादा एका वेळी पंचवीस मिनिटं, दिवसातून दोनदा, मध्ये किमान तीन तास. त्या चिडल्या. “माझं शरीर मला माहीत आहे.” आणि ते खरंही आहे, पाच वर्षांत एकही बेडसोअर न होऊ देणारी बाई आपल्या शरीराकडे माझ्यापेक्षा जास्त लक्ष देते. पण उभ्या राहिलेल्या स्वतःच्या शरीराशी त्यांची ओळख दीड महिन्यांची आहे.

शेवटी काम वाटलं. उकड काढणं सुनेकडे, तिथे वाफ आणि जड पातेलं आहे. पाऱ्या करणं आणि कळ्या पाडणं काकूंकडे, आणि त्याला उभं राहायची गरजच नाही. खालच्या टेबलावर बसून ते जास्त नीट होतं. उभं राहायचं ते फक्त मोदकपात्रं लावताना मांडणीवरून डबे काढायला आणि तव्याच्या कामाला. यातून मला एक गोष्ट पक्की कळली. बसायचं टेबल काढून टाकायचं नाही. आम्ही मशीन आल्यावर ते भिंतीला लावून ठेवलं होतं, आता परत त्याच्या जागी.

१९ सप्टेंबर

विसर्जन होऊन दोन दिवस झाले. काकूंनी स्वतः वही ठेवली होती : वेळ, रक्तदाब, गुडघे, बसायची जागा, पाऊल. एका दिवशी ‘थांबले, जांभई’ असं लिहिलंय. वाचून फार बरं वाटलं. त्या संध्याकाळी कुणीही सांगितलं नव्हतं.

उजव्या पाचरेची मागची कड दबली आहे. ईव्हीए पावसाळी दमटपणात आणि रोजच्या भारात बसतो. दर तीन महिन्यांनी नवी.

चाकांच्या दांड्यांत पीठ आणि तेलाचा थर. ब्रश आणि सुकं फडकं, पाणी नाही. सुनेच्या नवऱ्याला दाखवलं, हे काम त्याने आपणहून मागून घेतलं.

७ ऑक्टोबर

मर्यादा आता पस्तीस मिनिटं, दिवसातून दोनदा. सकाळच्या डब्यांपैकी पोळ्या काकूंच्या, भाजी सुनेची. सून सकाळी अर्धा तास उशिरा उठते, हे काकांनी मला वेगळं बोलावून सांगितलं.

वीज गेल्यावर किंवा मशीन बिघडल्यावर काकूंना खाली कसं घ्यायचं याचा सराव काका आणि मुलगा या दोघांनी केला. हाताने स्प्रिंगचं कुलूप सोडायचं, एकाने मागून व्हीलचेअर लावायची, दुसऱ्याने गुडघे धरायचे. मुलाला जमतं. काकांची कंबर दुखते, तेव्हा ते एकटे घरी असताना मशीन वापरायचं नाही, असं काकूंनीच ठरवलं आणि फ्रिजवर चिठ्ठी लावली.

राहिलेलं : जोडपट्ट्यांचे बोल्ट पुन्हा आवळून बघणं, छातीच्या पट्ट्याचा वेलक्रो पिठाने भरलाय तो बदलणं, बॅटरीची क्षमता मोजणं. गुडघ्यांचे एक्स-रे जानेवारीत परत. पुढची भेट २१ ऑक्टोबर, सकाळी डबे गेल्यावर. सोबत टॉर्क पाना, नवी पाचर, खडू.